सही माझी नव्हती

"बाळंतपणाची तारीख काय दिली आहे?" फोनवरच्या बाईंनी जर्मनमध्ये विचारलं.

"तारीख नाहीये. मला अजून दिवस गेलेले नाहीत."

 "आल्झो..." असं, आपल्या "म्हणजे..."सारखं लांबवून त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला हेबामे कशाला हवीय?"

हेबामे म्हणजे इथली सुईण. रीतसर शिकलेली, आणि मिळायला महाकठीण. कार्ल्सरूहेत टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर फोन करा, तर म्हणतात, माफ करा, आमच्या तारखा भरल्या. त्याआधी करा, तर म्हणतात, आधी गरोदर तर व्हा. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी हेच बोलणं सहाव्यांदा करत होते. माझा आवाज चढला.

"कारण पहिल्या वेळी मी उशीर केला," मी म्हटलं. "मला पुढचं बाळंतपण भुलीशिवाय करायचंय, आणि त्या खोलीत माझ्या बाजूनं बोलणारं कुणीतरी हवंय. दीड वर्ष झालं, मी बाळाची वाट बघतेय. गेल्या वर्षी एकदा राहिलं होतं, ते नवव्या आठवड्यात गेलं. अजून काय माहिती देऊ?"

बाईंनी फोन ठेवला नाही. "पहिल्या वेळी काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मुलगी आता सहा वर्षांची आहे. तेव्हा आम्ही दुसऱ्या गावात राहायचो. जर्मनीत येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि माझं जर्मन भाजी-दूध आणण्यापुरतं होतं. कळा सुरू झाल्यावर मला चालायचं होतं. मला पाठीवर झोपवलं आणि पोटाला बाळाचे ठोके मोजणारा पट्टा बांधला. कमरेत देतात त्या भुलीला इथे पेडेआ म्हणतात. ती हवी का, असं विचारलं तेव्हा मी "नाइन", म्हणजे नको, म्हटलं. तीनदा म्हटलं. तेवढा एक शब्द तर मला नक्की येत होता! तरी मला उठवून बसवलं, कुणीतरी खांदे धरले आणि पाठीत सुई गेली. त्यानंतर कमरेखाली मी उरलेच नाही. जोर लावता येईना, तेव्हा एकीनं कोपरानं माझं पोट दाबलं आणि डॉक्टरांनी बाळ यंत्रानं ओढून काढलं.

बाळ सुखरूप होतं. घरी पेढे वाटले गेले. पुढे जेव्हा जेव्हा मी त्या सुईचा विषय काढला, तेव्हा नवरा एकच सांगायचा, "अगं, बाळाचे ठोके कमी होत होते. डॉक्टर घाबरले होते. इलाज नव्हता." बाळाच्या जिवापुढे आई काय बोलणार? मी गप्प बसायचे.

"तुमची फाईल मागवा," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "पूर्ण मागवा. तुमचा हक्क आहे तो. वाचून झाली की मला पुन्हा फोन करा."

मी त्याच दिवशी पत्र टाकलं.

तेव्हा सासूबाई तीन महिन्यांसाठी नाशिकहून आलेल्या होत्या. संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर पुढच्या बाळंतपणाचं टिपण काढत बसले होते. भूल नको. पाठीवर झोपवायचं नाही. मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यांनी हे काय चाललंय म्हणून विचारलं, मी सांगितलं.

"बाजारात तुरी..." एवढंच म्हणून त्या हसल्या. पुढचे भट-भटीण सांगायची गरज नव्हती.

"हो आई, तुरी बाजारातच आहेत," मी म्हटलं. "म्हणून तर आत्ता भांडायला वेळ आहे."

"पण भुलीचं एवढं काय घेऊन बसलीस? आम्हाला बाळंतपणात कुठली आलीय भूल? निमूट सोसलं."

हे मला दोन्हीकडून ऐकावं लागतं. इथल्या मराठी मैत्रिणी म्हणतात, घेऊन टाक ना भूल, कशाला हिरोगिरी? घरची मोठी माणसं म्हणतात, बाईनं सोसायचंच असतं. मला हिरोगिरी करायची नाही आणि कुणाला सोसून दाखवायचंही नाही. जिला भूल हवी तिला ती मागताक्षणी मिळावी. मला नको होती, आणि मी तसं सांगितलं होतं. हे कुणाच्याच डोक्यात का शिरत नाही, ते मला कळत नाही.

तीन आठवड्यांनी जाडजूड पाकीट आलं. शनिवारची सकाळ होती. नवरा बाल्कनीत मुलीच्या सायकलची चेन बसवत होता. मी एकेक पान वाचत गेले. आता माझं जर्मन चांगलं आहे. दर थोड्या वेळानं ठोक्यांची नोंद होती आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द होता: सामान्य. सुईच्या आधी सामान्य, सुईच्या वेळी सामान्य. त्याखाली लिहिलं होतं, "पेशंटच्या इच्छेनुसार पेडेआ दिली."

माझ्या इच्छेनुसार! मी ते वाक्य तीन वेळा वाचलं. मग संमतीचा कागद उलटला. मी शाळेपासून सही मराठीत करते. पासपोर्टवर, बँकेत, इथल्या परदेशी लोकांच्या कचेरीत, सगळीकडे. या कागदावर इंग्रजी सही होती. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. ती शेपटी मी रोज बघते, घरभाड्याच्या करारावर, मुलीच्या शाळेच्या वहीत.

मी कागद घेऊन बाल्कनीत गेले. "ही सही कुणाची आहे?"

त्यानं बघितलं. हाताचं ग्रीस पुसायला लागला. पुसतच राहिला.

"ठोके कमी झालेच नव्हते," मी म्हटलं.

"नाही झाले."

"मग?"

"तू ओरडत होतीस. मला बघवत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, ती दमलीय, तुम्हीच ठरवा. कागद पुढे केला. मी सही केली."

"आणि ठोक्यांची गोष्ट?"

"तू नंतर सारखी विचारायचीस. रडायचीस. काहीतरी कारण द्यायला हवं होतं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "तुला बघवत नव्हतं म्हणून माझे पाय बधिर केलेस? बघवत नव्हतं तर बाहेर जायचं होतंस! आणि वर सहा वर्षं माझ्याच मुलीच्या जिवाची भीती घालून मला गप्प बसवलंस?"

मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. आई, तू रागावलीयेस का, असं तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "तुझ्यावर नाही. आत जाऊन चित्र काढ."

सासूबाई आत मेथी निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकू गेलं होतं. "अगं, नवराच ना तो?" त्या तिथूनच म्हणाल्या. "परक्यानं थोडीच केली सही? माझ्या वेळी तर मामंजींनी केली होती."

"कशावर?"

"ऑपरेशनच्या कागदावर. दोन मुलगे झाले, आता पुरे, असं त्यांनी ठरवलं. ह्याच्याच वेळी. बाळंतपणाला भूल नव्हती, पण त्याला दिली. शुद्धीवर आले तेव्हा सगळं करून झालेलं होतं." त्यांनी एक काडी खुडली. "मला मुलगी हवी होती."

 नवरा पाना हातात धरून तसाच उभा होता. चाळीस वर्षांचा माणूस, आणि त्याला हे माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंनी मान वर केली नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि अर्धी जुडी माझ्यापुढे ओढली. त्यांच्यावर चिडायला आत काही उरलं नव्हतं. त्यांच्या मामंजींना, म्हणजे नवऱ्याच्या आजोबांना, जाऊन वीस वर्षं झाली आहेत, नाहीतर मी त्यांनाही फोन लावला असता.

हॉस्पिटलला मी लेखी तक्रार केली. महिन्याभरानं तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी भेटायला बोलावलं. नवरा म्हणाला, "मी येतो." मी म्हटलं, "ये, पण माझ्या वतीनं बोलायचं नाही."

बाई सभ्य होत्या. पाण्याचे ग्लास भरलेले होते. "तुम्हाला तसं वाटलं, याचं आम्हाला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या.

"वाटलं नाही," मी म्हटलं. "झालं. मी शुद्धीत होते, नको म्हणत होते, आणि तुमच्या माणसांनी दुसऱ्याच्या हातात पेन दिलं."

मग नवरा म्हणाला, "मी फक्त माझ्यापुरतं बोलतो. ही सही माझी आहे. करायला नको होती. आणि तुम्हीही ती घ्यायला नको होती."

बाईंनी कागद जवळ ओढला आणि वाचला. "ही सही चालायलाच नको होती," त्या म्हणाल्या. जुनी नोंद खोडता येत नाही, पण माझं म्हणणं फाईलला जोडलं जाईल असं त्यांनी सांगितलं. मी दोन पानं लिहून नेलीच होती. ती तिथेच दिली आणि पोच घेतली.

समाधान झालं का? नाही. त्या दोन पानांनी माझं बाळंतपण मला परत मिळालं नाही. पण त्या फाईलमध्ये आता खोट्याच्या शेजारी खरं बसलंय.

हेबामे बाईंना मी पुन्हा फोन केला. त्यांनी नाव लिहून घेतलंय. टेस्ट आली की त्याच दिवशी कळवा, म्हणाल्या. सासूबाई नाशिकला परत गेल्या. नवरा तिथे दर रविवारी फोन करतो. पूर्वी महिन्यातून एकदा करायचा.

गेल्या आठवड्यात पुन्हा पाळी आली. मी बाथरूमचं दार लावून रडले. या वेळी राग शरीरावरही होता, जे हवं तेव्हा काही धरत नाही. बाहेर आले तर नवऱ्यानं माझं टिपण वाचायला मागितलं. मी दिलं. त्यानं शेवटपर्यंत वाचलं.

"यात मी कुठे आहे?" त्यानं विचारलं. "खोलीत, की बाहेर?"

"ते मी अजून ठरवलेलं नाही," मी सांगितलं.