आधी बोल्झानो, मग इन्सब्रुक

दहाव्याला कावळा शिवेना.

न्यू जर्सीत कावळ्यांचा काही तुटवडा नाही. एरवी कचऱ्याच्या दिवशी आमच्या गल्लीत डब्यांभोवती त्यांची सभा भरलेली असते. पण त्या सकाळी वेस्ट विंडसरच्या तलावाकाठी गवतावर यांचे पिंड मांडून आम्ही उभे होतो, आणि एक कावळा फिरकायला तयार नव्हता. आले ते गीज, इथले रानहंस, लांब मानेचे, सगळं लॉन घाण करून ठेवणारे. ते तोऱ्यात पिंडाकडे निघाले की माझी मुलगी छत्री उघडून त्यांना हाकलायची आणि म्हणायची, "गो अवे, प्लीज." बापाच्या पिंडाजवळही हिचं प्लीज सुटत नव्हतं.

गुरुजी आठवडाभर एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात आणि सुट्टीच्या दिवशी आमचे जन्म-मृत्यू. ते म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिली असेल. बोला, काय ते कबूल करा." यांच्या ऑफिसातले जुने मित्र पुढे झाले. मुलगी त्यांना लहानपणापासून काका म्हणते, म्हणून मीही काकाच म्हणते. काकांनी हात जोडून सांगितलं, "मुलीची काळजी करू नकोस रे. वहिनींना आम्ही आहोत." कावळा नाही. कुणी म्हणालं बाग सांभाळू, कुणी म्हणालं गावच्या देवीची ओटी भरू. झाडं ढिम्म. वारा असा बोचत होता की माझी बोटं काळीनिळी पडली. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा येत नसला की तोच पिंडाला लावून मोकळं व्हायचं असतं.

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, बहुतेक यांचाच. सगळ्यांसमोर मी मोठ्यांदा म्हणाले, "अहो, ती तुमची आल्प्सची ट्रिप ना? जाईन मी! सगळी ख्रिसमस मार्केटं बघून येईन. पण तुमच्या त्या उलट्यासुलट्या रस्त्यानं नाही हं. आधी इन्सब्रुक, मग बोल्झानो. शंभरदा सांगितलंय!"

पार्किंगच्या पलीकडच्या झाडावरून तो आला. सरळ आला, गीजच्या मधून चालत गेला आणि पिंडात चोच घातली. काका रडायला लागले. मी भूल देणारी डॉक्टर, आयुष्यभर माणसांना झोपवून पुन्हा उठवलेलं, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण अंगावर काटा आला तो आलाच.

आता ही ट्रिप काय भानगड होती ते सांगते. दर डिसेंबरात आम्ही फिलाडेल्फियाच्या ख्रिसमस मार्केटला जायचो. लाकडी टपऱ्या, काचेचे गोळे, दाढीवाले लाकडी शिपाई, साखरेत घोळलेल्या बदामांचा वास. दोघंही शाकाहारी, त्यामुळे सॉसेजच्या टपऱ्यांवरून नाक मुरडत पुढे जायचं आणि प्रेट्झेल, तो खारा पिळाचा पाव, घ्यायचा. हे कोटाच्या खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढायचे. डोक्याला तपकिरी माकडटोपी. गोरी माणसं वळून बघायची. "अहो, निदान टोपी काढा," मी म्हणायची. "थंडी काय तुझ्या बापाची आहे?" असं म्हणून हे चटणी लावलेलं प्रेट्झेल माझ्यापुढे करायचे. मग ठरलेलं वाक्य यायचं, "हे सगळं नकली गं. खरं मार्केट बघायचं तर आल्प्समध्ये. पुढच्या डिसेंबरला नक्की."

घरी आलो की नकाशा निघायचा. कागदाचा, जेवणाच्या टेबलाएवढा. जेवणं झाली की ताटं बाजूला सारायची, कोपऱ्यांवर मिठाची बाटली, लोणच्याची बरणी ठेवायची आणि पेन्सिल घेऊन बसायचं. एकदा तेल सांडलं, तेव्हापासून ऑस्ट्रियाचा एक कोपरा पारदर्शकच झाला. म्युनिक, साल्झबर्ग, इन्सब्रुक, मग आगगाडीनं ब्रेनरची खिंड ओलांडून खाली इटलीत बोल्झानो. शाळकरी पोराला कळेल इतका सरळ रस्ता. पण हे प्रत्येक वेळी साल्झबर्गहून पेन्सिल थेट बोल्झानोला न्यायचे आणि तिथून परत वर इन्सब्रुकला. "अहो, कशासाठी डोंगर ओलांडून जायचं आणि परत यायचं?" मी उसळायची. "मला वाटतं असंच बरं पडेल," हे शांतपणे म्हणायचे. की मी सुरू! गाड्यांच्या वेळा, डोंगरांच्या उंच्या, कुठं बर्फ, कुठं अंधार लवकर. चहा व्हायचा, आणखी एकदा व्हायचा. प्लँटचे पाइप डोळे मिटून मांडणारा इंजिनियर माणूस, याला एवढा भूगोल कळू नये? मी कपाळावर हात मारून घ्यायची.

ट्रिप कधी झाली नाही. एका वर्षी माझा गुडघा, एका वर्षी सासूबाईंचं आजारपण, मग यांच्या ऑफिसातली गडबड. आणि मग गेल्या मार्चमध्ये हेच गेले. चहाचा कप हातात होता.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या डेकच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला. तोच का, मला काय माहीत. कावळ्यांची तोंडं कुणी ओळखलीयत? पण तो बसला तो बरोबर जेवणाच्या टेबलासमोर, काचेतून यांची खुर्ची दिसते तिथं. ओरडला नाही, काही नाही. मान तिरकी करून आत बघत राहिला. हे ऐकत असले की अशीच मान तिरकी करायचे.

मी भात टाकला. तो खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. उन्हाळा गेला, पानं लाल झाली, झाडं उघडी पडली, याचा नेम चुकला नाही. आणि घरात एक एक सुरू झालं. रिकाम्या खुर्चीजवळून जाताना चटणीतल्या लसणाचा वास यायचा. गराज उघडल्यासारखं वाटायचं, मी भाजी चिरता चिरता "आलात का?" म्हणायची आणि मग सुरी हातात तशीच धरून उभी राहायची. कावळ्याला मी "अहो" म्हणायला लागले होते. सुरुवातीला चिडून. "अहो, बघतेय ना तिकिटं! डोक्यावर काय बसलाय?" मग मटार सोलता सोलता. "अहो, आज काकांचा फोन आला होता."

काका दर रविवारी विचारायचे, "वहिनी, घोडं कुठं पेंड खातंय? पिंडासमोर शब्द दिलाय तुम्ही. वर्षश्राद्धाच्या आत होऊन जाऊ दे, म्हणजे त्याचा जीव सुटेल." मी म्हणायची, "हो हो, बघते." कधी गुडघ्याचं कारण, कधी भाव चढल्याचं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. मला भीती वाटत होती. कावळ्याची नाही. मी जाऊन आले, शब्द पुरा झाला, की हा येईनासा होईल, याची. जीव सुटेल म्हणजे काय, तर कठडा रिकामा होईल. सुटू दे म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. स्वार्थीपणा म्हणा, पाप म्हणा, मला चालेल.

मुलगी फिलाडेल्फियात वकिली करते. तिला वाटलं, आई खचलीय, हिला ढकलायला हवं. डिसेंबर लागला तशी म्हणाली, "आई, मी रजा टाकलीय. आपण दोघी जाऊ. ये इकडे, मार्केटमध्ये बसू, तिथंच बुक करून टाकू. फॉर बाबा." नाही कसं म्हणणार? मी गेले.

सगळं तसंच होतं. टपऱ्या, काचेचे गोळे, बदामांचा वास. संध्याकाळ पडत होती आणि दिवे लागत होते. मुलगी हॉट चॉकलेट आणायला रांगेत उभी राहिली आणि मला टपऱ्यांच्या गर्दीत पुढे तपकिरी माकडटोपी दिसली. एका माणसाची, किंचित वाकलेल्या पाठीची. मी निघाले. लोकांना कोपरं मारत निघाले. लाकडी शिपायांच्या टपरीपाशी टोपी वळली, मीही वळले, आणि समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही नव्हतं. अशी टोपी घालणारा माणूस त्या गावात दुसरा असेलही. पण मला तो सापडला नाही. मी तिथं उभी राहून हातरुमाल तोंडात कोंबून रडले.

मुलीनं मला शोधून काढलं आणि बाकावर बसवलं. फोनवर तिकिटं उघडून म्हणाली, "म्युनिकला जायचं, तिथून ट्रेननं. क्लिक करू?"

"थांब जरा," मी म्हणाले. "पुढच्या डिसेंबरला नक्की जाऊ."

तिनं फोन मांडीवर आपटला. "यू साउंड एक्झॅक्टली लाइक हिम! तुला माहितेय, मी बाबांना ही ट्रिप गिफ्ट करणार होते? तुमच्या ॲनिव्हर्सरीला. सगळं रेडी होतं. त्यांनी मला कॅन्सल करायला लावलं."

"का?"

बाबांचं वाक्य तिनं त्यांच्याच मराठीत सांगितलं, तिला एरवी न जमणाऱ्या मराठीत. बरेच दिवस सांभाळून ठेवलं असणार. "ते म्हणाले, 'नको गं. गेलो की संपलं. मग जेवण झाल्यावर तुझी आई माझ्याशी काय बोलेल?'"

मी ओला रुमाल मांडीवर पसरून सरळ करायला लागले.

"तू हॉस्पिटलमधून यायचीस तेव्हा बोलायचीच नाहीस, आई. यू वेअर सो टायर्ड. ते म्हणायचे, आईच्या तोंडाला कुलूप असतं, आणि किल्ली माझ्याकडे आहे. तो बोल्झानो... ही डिड इट ऑन पर्पज. ते मला डोळा मारायचे. तू रागावून बोलायला लागलीस की टेबलाखालून माझा पाय दाबायचे."

इतकी वर्षं! इतकी वर्षं या माणसानं मला येडी बनवलं, आणि पोटच्या पोरीला सामील करून घेतलं. मला हसू आलं. हे असते तर मी तिथल्या तिथं भांडले असते. बाई बोलावी म्हणून माणूस मुद्दाम चुकतो, रोज चुकतो, आणि बाई त्याला भूगोल शिकवत बसते. याला काय म्हणायचं?

आणि तेव्हा तलावाकाठची ती सकाळ मला नीट दिसली. देवीची ओटी, बाग, मुलीची काळजी, कशालाच तो हलला नव्हता. ट्रिपलाही तो आलेला नव्हता. ट्रिप यांना नकोच होती. मी चिडले, यांच्याशी भांडायला लागले, आधी इन्सब्रुक मग बोल्झानो म्हणाले, तेव्हा तो आला.

"बंद कर तो फोन," मी मुलीला म्हणाले. "चल घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो नकाशा काढला. यांच्यामागे पहिल्यांदाच. मीठ आणि लोणचं कोपऱ्यांवर ठेवलं. चहा टाकला. बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि कठड्यावर तो होताच, पिसं फुगवून, मान तिरकी. मुलगी रात्री राहिली होती. ती ओट्यापाशी उभी राहून टोस्टला लोणी लावत होती. मला वाटलं, आता ही म्हणेल, आई, इट्स जस्ट अ क्रो. पण तिनं टोस्टचा एक तुकडा मोडला, दार उघडलं आणि कठड्यावर ठेवून आली.

मी यांच्या खुर्चीत बसले. पेन्सिलीला टोक केलं. साल्झबर्गवर ठेवली आणि इन्सब्रुकला बगल देऊन, डोंगरांवरून सरळ खाली ओढत नेली.

"मला वाटतं," मी काचेकडे बघून शांतपणे म्हणाले, "आधी बोल्झानो, मग इन्सब्रुक. असंच बरं पडेल."

आणि वाट बघत बसले.

"आई!" मागून आवाज आला. "दॅट्स बॅकवर्ड्स! डोंगर क्रॉस करून परत कशाला यायचं? दे ती पेन्सिल इकडे." तिनं खुर्ची ओढली, माझ्या हातातून पेन्सिल हिसकावली आणि गाड्यांच्या वेळा सांगत भांडायला लागली.

मी टेबलाखालून पाय लांब केला, यांचा पाय दाबायला. तो तिथं नव्हता. मुलगी बोलतच होती. मी तिला म्हटलं, थांब, चहा आणखी टाकते.