ठेंगणा ओटा

अक्षय तृतीयेची दुपार, ताटात इसाराचे एकवीस हजार, आणि समोर तिघे: उमरेडहून आलेला माझा दादा, घर विकत घ्यायला आलेले गृहस्थ आणि त्यांची पत्नी. आज कूलरला नवी खस लावली आणि तिच्या ओल्या वासाने पंधरा वर्षांपूर्वीची ती बैठक आठवली. गिऱ्हाइकाला घर थंड वाटावं म्हणून दादानं तेव्हाही अशीच नवी खस लावली होती.

माझे कर्जाचे पाच हप्ते थकले होते.

"एकटीनं किती ओढशीन वं? विकून मोकळी होय," दादा म्हणाला. हिशेबानं त्याचं बरोबर होतं.

तेवढ्यात त्या बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ओटा लयच ठेंगणा हाय. तोडा लागन."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओट्यांशी टाचा उंचावून पोळ्या लाटल्यावर हा एक मी माझ्या मापानं बांधून घेतला होता.

मी ताट परत सरकवलं.

"काहून वं? भाव कमी वाटते काय?" दादानं विचारलं.

"भाव ठीक हाय. ओटा मले बरोबर येते."

पुढच्या दोन्ही खोल्या भाड्यानं दिल्या आणि मी स्वयंपाकघरात राहू लागले. तेव्हा लोकांना माझी कीव यायची. मला मात्र आज ती वर्षं ऐटीची वाटतात. शेवटचा हप्ता, आठ हजार दोनशे चाळीस रुपये, मी स्वतः जाऊन बँकेत भरला.