प्रभु से मन भर गया

माझं हिंदी वाईट आहे. नगरकडे वाढलेल्या बाईचं असतं तेवढंच. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते ते इंग्रजीत, घरमालकीणबाईंशी बोलते ते मराठीत, आणि भाजीवाला तर मला सरळ सांगतो, "मैडम जी, आप बस इशारा कर दो." पण हिंदी वाईट म्हणून बाईची श्रद्धाही वाईट, हा कुठला न्याय?

नोकरीसाठी इंदूरला आले तेव्हा चाळिशी उलटली होती. लग्न झालेलं नव्हतं, पुढेही झालं नाही. अन्नपूर्णा भागात भाड्याने दोन खोल्या घेतल्या. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती, सवय सगळी मराठी उपासनेची. इथे एका सहकारी बाईने मला विजय नगरच्या बाजूच्या एका छोट्या हिंदी चर्चच्या मंडळीत नेलं आणि मी तिथलीच झाले. दर रविवारी सिटी बसने अख्खं शहर ओलांडून जायचे. पाळक, म्हणजे तिथले पाद्री, हिंदी बोलणारे, त्यांची बायको, पाळकीणबाई, मात्र नागपूरच्या. चारचौघांत त्या हिंदीच बोलत, पण उपासनेनंतर चहा घेताना माझ्याशी मराठीत गप्पा मारत. संडे स्कूलचा लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे होता. त्या वर्गावर माझा जीव होता, हे सांगून ठेवते, कारण पुढे तो वर्गच गेला.

अशी काही वर्षं गेली. त्या दिवशी उपकारस्तुतीचा रविवार होता. एकेक जण उठून साक्ष देत होता. कुणाला प्रभूने फ्लॅट दिला, कुणाच्या मुलाला कॅनडाचा व्हिसा दिला, एकाला नवी गाडी, तीही हव्या त्या रंगाची. देवाने द्यावं, माझी ना नाही. पण तासभर ते ऐकून मला वाटायला लागलं की आपण उपासनेत आहोत की मॉलमध्ये? तेवढ्यात पाळक म्हणाले, "दीदी, आप भी कुछ बोलिए." मी उठले. मला म्हणायचं होतं की प्रभूने माझं मन भरलंय, आता आणखी काही नको. मनातली सगळ्यात खरी गोष्ट होती ती. मी ती हिंदीत म्हटली, "प्रभु से मेरा मन भर गया है. अब और कुछ नहीं चाहिए."

पुढच्या बाकावरच्या एका आजींनी तोंडावर पदर धरला. हिंदीत एखाद्या गोष्टीने मन भरलं म्हणजे तिचा वीट आला, हे मला काय माहीत? मी भर उपासनेत उठून जाहीर केलं होतं की मला देवाचा कंटाळा आलाय.

पाळक पुढे आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करू लागले. मी म्हणतेय, "वैसा नहीं, वैसा नहीं," तर त्यांचा आवाज आणखी चढतोय. नंतर मी चार जणांना गाठून समजावलं की मराठीत याचा अर्थ तृप्त झाले असा होतो. सगळ्यांनी मान डोलावली. "हाँ दीदी, हम समझते हैं," म्हणाले, आणि तेही अशा सुरात की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द चुकला होता तो दुरुस्त करता आला असता. पण त्यांना तेच ऐकायचं होतं. पन्नाशीची बाई, नवरा नाही, पोर नाही, घर भाड्याचं. ही सुखी कशी असेल? आज खरं बोलली बिचारी, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग सुरू झालं. संध्याकाळी बायका जथ्याने घरी येऊन माझ्यासाठी प्रार्थना करायच्या, "अकेलापन" या शब्दावर गळे काढायच्या आणि माझेच पोहे खाऊन जायच्या. घरमालकीणबाई, तीन पिढ्या इंदूरच्या, काळजीने विचारायला आल्या, "ताई, तुमच्याकडे रोज लोक येतायत, तबियत तो ठीक आहे ना?" पुढच्या रविवारी पाळकांनी गोड बोलून वर्ग काढून घेतला. मी थोडी विश्रांती घ्यावी म्हणे, मुलांवर परिणाम नको. दर रविवारी गळा ताणून गायचं की प्रभो, तूच पुरेसा आहेस, आणि एक बाई उठून म्हणाली की हो, पुरतो, तर तिच्यावर हात ठेवायचे. गाता तरी कशाला मग?

आणि मला जे मिळालंय ते मी उगाच म्हणत नव्हते. तिशीत मी कमी रडलेली नाही. स्थळं आली, बघून गेली, उपवास करून मागितलं, देवाशी भांडले. इंदूरला आले तेव्हाही आत एक भोक होतंच. मग एका संध्याकाळी इथल्या लालबागच्या मैदानावर मेळा होता, तिथे एकटीच गेले. सगळीकडे जोडपी, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. एरवी अशा ठिकाणी माझ्या पोटात खड्डा पडायचा. मी द्रोणातला भुट्ट्याचा कीस खात एका कडेला बसले होते आणि सवयीने मनात प्रभूशी बोलत होते, आज कीस तिखट आहे वगैरे. बोलता बोलता लक्षात आलं की खड्डा पडलाच नाही. कुणीतरी शेजारी बसलंय आणि ते कधीचंच बसलेलं आहे. प्रकाश नाही, आवाज नाही, काही नाही. पण मला कशाचीच उणीव वाटेना. तेव्हापासून ते गेलेलं नाही. भांडी घासताना असतं, पेपर तपासताना असतं, विद्यार्थ्यांवर खेकसताना सुद्धा असतं. हे मी कुणाला दाखवू शकत नाही. म्हणून काय ते खोटं?

महिनाभराने एका दुपारी पाळकीणबाई एकट्याच आल्या. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "ताई, एक स्थळ आहे. विधुर आहेत, बँकेत होते. मंडळीला वाटतं की..."

माझा तोल गेला. "मंडळीला काय वाटायचं ते वाटू दे," मी म्हटलं. "त्यांना मराठी येत नाही. पण तुम्हाला येतं ना? मी काय म्हणाले ते त्या सभागृहात एकट्या तुम्हाला कळलं होतं. उठून एक वाक्य बोलायला काय झालं होतं? वर्ग गेला माझा. तुम्ही पहिल्या बाकावर बसून बघत होतात."

वाटलं होतं, सारवासारव करतील. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कळलं होतं मला. म्हणूनच नाही उठले."

"म्हणजे?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून मी रोज पहाटे उठून प्रार्थना करते. बायकांच्या सभा घेते, लोकांच्या घरी जाऊन त्यांना धीर देते. आणि ताई, मला काही होत नाही. पलीकडे कुणी आहे असं एक दिवस वाटलेलं नाही. ह्यांना कसं सांगू? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मला वाटायचं, सगळे असंच नुसतं म्हणतात. त्या दिवशी तुम्ही उठलात आणि तुमचा चेहरा पाहून कळलं की ही खरं बोलतेय. मला सहन झालं नाही. म्हटलं, लोकांना उलटं कळलंय ना, कळू दे."

मला फार बोलायचं होतं, महिन्याभराचं साठलेलं. पण इतक्या दिवसांत माझ्यावर विश्वास ठेवणारं एक माणूस भेटलं होतं, आणि ते समोर बसून रडत होतं. मी त्यांचा हात धरला. लालबागचं सांगायला गेले आणि मध्येच थांबले, कारण उपाशी माणसाला आपल्या घरच्या जेवणाचं काय वर्णन करायचं? जाताना त्या दारात म्हणाल्या, "वर्गाचं मी बोलते ह्यांच्याशी." मी म्हटलं, "ते राहू द्या."

दार लावलं आणि उभ्या उभ्याच प्रभूवर चिडले. मंडळीवर चिडले नव्हते एवढी. म्हटलं, ही बाई इतकी वर्षं तुझ्या घरी पंगती वाढतेय, आणि तिच्या पानात काही नाही? आणि मला, रस्त्याच्या कडेला कीस खात बसलेलीला, न मागता भरभरून वाढलंस? ही कसली तुझी रीत? तो तिथेच होता, नेहमीसारखा शेजारी. मला ते कळत होतं, आणि त्यानेच जास्त राग येत होता. मी तोंड फिरवलं आणि म्हटलं, आधी तिला वाढ. मग माझ्याशी बोल.