आत्याचा होल आणि माझं कृष्णविवर

पुण्याला पीएचडीच्या मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला मी तोंडघशी पडले होते. "आकाशगंगांच्या मध्यभागातली महाकाय कृष्णविवरं एवढी वाढतात कशी? सोप्या शब्दांत सांगा." समीकरणं पाठ होती, सोपे शब्दच नव्हते. आता दुसरी मुलाखत तोंडावर आलेली. हुकली तर बीएड, असं घरात ठरलेलं. मला बीएड नको होतं. फार भीती वाटत होती.

त्याआधी भोकरजवळ आत्याकडे गेले. वडिलांनी तिला फोनवर, "पोरगी ब्लॅक होल शिकायलीय," एवढंच सांगितलेलं. आमच्याकडे होल म्हणजे बोअरचा. आत्यानं माझ्यासाठी बोअरची गाडी बोलवायचं थांबवून ठेवलं होतं.

"आधी जागा दाखिव बाई, कुठं मारावा होल?"

"आत्या, माझा होल आभाळात हाय."

"आभाळात? मग पाणी खाली कसं येतंय?"

मी हसून लोटपोट. आत्या मात्र हसेना. "मग काय हाय ते, नीट सांग की."

समोर सोयाबीनची मळणी चालू होती. म्हटलं, "ते वायू गिळतं, तारे गिळतं, तसं वाढतं. पण माल सरळ आत पडत न्हाई. भोवती गरगर फिरतो, तापतो, झगझगतो. लई भसाभसा आला, की त्या उजेडाच्याच धक्क्यानं मागचा माल बाहेर उडतो."

"मशीनीत एकदम कोंबलं की भुसा तोंडावर येतो, तसं."

"हाव! आन् दोन आकाशगंगा मिसळल्या, की त्यांची विवरंबी एक होतात."

"बरं हाय. हितं भाऊ-भाऊ वाटण्या करायलेत, तिकडं जोडायलेत."

"पण काही लई लवकर मोठी झाली. कशी, ते अजून कुणालाच नीट ठाऊक न्हाई."

"न्हाई तर न्हाई म्हनावं. त्यात काय लाजायचं?"

मुलाखतीत तोच प्रश्न आला. मी सरळ मळणीयंत्र सुरू केलं. समोरचे तिघेही हसले. मग एकानं विचारलं, "आणि सुरुवातीची, लवकर वाढलेली?"

"न्हाई ठाऊक," तोंडातून भोकरचंच निघालं. "तेच शोधायला आलेय."

निवड झाल्याचं कळताच आधी आत्याला फोन केला. ती म्हणाली,

"बोअरची जागा मीच बघितली. पण गाडी अजून बोलावली न्हाई. नारळ तुझ्या हातानं फोडायचा हाय. घरात होलाची डॉक्टर व्हायलीय, दुसऱ्या कुणाला कशाला सांगू?"