आकडा मीच ओरडत होते

"अम्मा, आप चढ़िए ज़रा. बच्चों को दिखाना है."

मोठ्या मॅडम हे बोलल्या तेव्हा माझ्या हातात कोणाचे तरी बूट होते. सातवीची सगळी पोरं रांगेत. विजय नगरच्या या शाळेत मी आया. वजनाच्या दिवशी माझं काम ठरलेलं. बूट सांभाळायचे अन् काट्यावरचा आकडा ओरडायचा. टीचर दूर टेबलाशी बसून लिहून घेतात, अन् माझा आवाज मोठा.

चढले. माझा आकडा मीच ओरडले. पोरं खिदळली. मॅडम म्हणाल्या, "देखा? समोसे खाओगे तो अम्मा बनोगे."

मीही हसले. काय करता? माझी नात याच शाळेत सहावीत, माझ्या नोकरीच्या जोरावर. नोकरी गेली की तिची जागाही गेली.

माझ्यामागे एक गुबगुबीत पोरगी उभी होती. ती चढली. सवयच ना, मी ओरडले, "बासठ!"

मागून कोणी म्हणालं, "छोटी अम्मा!"

दुसऱ्या दिवसापासून ती डबा माझ्याकडे आणून देऊ लागली. "आप खा लो अम्मा. आप तो वैसे भी..." मी खाल्ला. हो, खाल्ला. वाटलं, घरून जास्त देत असतील. चौथ्या दिवशी प्रार्थनेत ती धाडकन पडली. डोकं मांडीवर घेतलं, तर तोंडाला उपाशी माणसाचा वास. हा वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे.

मला एकदा चढवलं तर इतकं लागलं. अन् मी किती वर्षं हेच करून राहिली होती?

मी नोकरीला लागले तेव्हा वर्गात एखादंच पोर जाड असायचं. आता प्रत्येक रांगेत आहेत. काहून नसतील? मैदानात शाळेच्या बसगाड्या उभ्या. खेळाच्या तासाला गणित. अन् समोसे, कुरकुरे विकते ती कँटीन शाळेचीच.

काल पुन्हा काटा निघाला. पहिलं पोर चढलं. मी काट्याच्या आकड्यावर पदर टाकला.

"अम्मा, ज़ोर से बोलो!" टीचर म्हणाली.

"नहीं बोलूँगी. परची पे लिख के दूँगी."

नातीच्या पाटीवर गिरवून शिकले मी आकडे. लिहिता येतात मला.

मॅडम आल्या. हळूच म्हणाल्या, "आपकी पोती यहीं पढ़ती है ना?"

खोटं काहून सांगू? "पढ़ती है जी. अगले साल सातवीं में वो भी इसी काँटे पे चढ़ेगी. तब भी मैं ही चिल्लाऊँ?"

उद्या ऑफिसात बोलावलं आहे. नातीला रात्रीच सगळं सांगितलं. ती रडली, मी समजूत घातली नाही. तिचं नाव शाळेतून काढतील, खरंच काढतील.

मी जाणार. माफीनामा पुढं ठेवतील, सही करणार नाही. कोणत्याही लेकराचा आकडा आता माझ्या तोंडून निघणार नाही. आवाज माझा आहे. ओरडायचंच असेल तर कँटीनच्या दारात उभी राहून ओरडीन.