हॉलमधला पेरणीचा फोटो

गेलं वर्षभर आमच्या हॉलमध्ये एका जिवंत माणसाच्या फोटोला चंदनाचा हार होता.

आज पहाटे तो माणूस खरंच गेला.

रखमाजी काका. आजोबांच्या काळापासून आमच्या शेतावर सालगडी.

झालं असं, की पारनेरजवळ गावी नवीन घर बांधताना जुन्या पेटीत चुलत्यांनी काढलेले ब्लॅक अँड व्हाइट फोटो सापडले. खळ्यावरची मळणी, विहिरीवरची मोट. आणि एक पेरणीचा. बैलांमागे पाभरीच्या चाड्यावर बियाण्याची मूठ धरून चाललेला तरणा माणूस. मुंडाशाच्या सावलीत चेहरा अर्धाच दिसतो.

आजोबांचा एकही फोटो घरात नव्हता. विचारावं असं घरातलं जुनं कुणी उरलं नव्हतं.

शेत आमचं, बैल आमचे. म्हणजे पेरणारे आजोबाच, हे मीच ठरवलं.

मोठी प्रिंट काढली. फ्रेम केली. इथे पोस्ट टाकली तेव्हा तुम्हीही "मातीतला माणूस" म्हणून हात जोडलेत.

वास्तुशांतीला काका आले, तेव्हा त्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते.

"काका, ओळखलं का?"

"व्हय," म्हणाले. "बैल लई गुनाचे हुते."

जेवले आणि गेले. मला वाटलं, आजोबांची आठवण आली असेल.

आज त्यांचा मुलगा दत्ता दारात उभा. डोळे सुजलेले.

"दादा, हॉलमधल्या फोटोची कॉपी मिळंल का? आमच्याकडं वडलांचा आधार कार्डाशिवाय दुसरा फोटोच न्हाई."

"अरे, ते आमचे आजोबा आहेत."

तो आत फोटोपाशी आला. मग हळूच म्हणाला, "न्हाई दादा. बोट बघा."

चाड्यावरच्या त्या हाताचं एक बोट अर्धंच आहे. कडबा तोडताना गेलेलं.

लहानपणी मला बैलगाडीत उचलून बसवणारा हात. वर्षभर रोज समोर होता. मी ओळखला नाही.

"मग काका बोलले का नाहीत?"

"मी म्हनलं हुतं त्यांना, सांगा की. तर म्हनले, राहू दे. आपल्या घरात एवढी भिंत कुठं हाय."

मी हार काढला आणि फ्रेमच दत्ताच्या हातात दिली. दुपारी स्मशानात सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. पुढे जायचं धाडस झालं नाही.

जुनी पोस्ट आत्ता दुरुस्त केली आहे. पेरणारे माझे आजोबा नव्हते. रखमाजी काका होते.

काका, सुखानं जा. माफ करा म्हणायचीही लाज वाटते.