कडूबाचे तीन पुकारे

अंबडच्या मुन्सफ कोर्टाच्या ओसरीवरून कडूबानं पुकारा दिला की बाजारात तराजू धरून बसलेला माणूससुद्धा घटकाभर थांबायचा. 'मच्छिंद्र वल्द बद्रीनाथ, हाजिर हो!' निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, कागद उर्दूतून मराठीत येऊ लागले होते, पण पुकारा मात्र जुनाच राहिला होता. बापासकट नाव तीनदा घ्यायचं. तिसऱ्यालाही कोणी आलं नाही तर आत जाऊन 'गैरहाजर' म्हणायचं. काम एवढंच. खांद्यावर लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला आणि देवानं दिलेला गळा.

पण कडूबाचे तीन पुकारे तीनवर कधी थांबत नसत. तिसरा देऊन वळला की तो दारातच थबकायचा. दुसऱ्या वेळी बापाचं नाव घेतलं का आपण? मग पुन्हा पहिल्यापासून तीन. मग पायऱ्या उतरून लिंबाच्या पारावर बघून यायचं, चहाच्या हाटेलात बघायचं, विहिरीवर बघायचं. विहिरीवरून परतताना पुन्हा शंका यायची की लिंबाच्या खोडापलीकडं आपण डोकावलो का नाही.

लोकांना यात त्याची माया दिसे. 'कडूबा हाय म्हणून गरिबाचा दावा बुडत न्हाई,' असं कुणी म्हटलं की तो ओशाळून जाई. माया नव्हती ती. गैरहाजर माणूस चोर असो की साव, कडूबाचे पाय सारखेच ओढले जायचे. घरी रांजणावर झाकण असे, तरी जेवता जेवता तो सात-आठ वेळा विचारायचा. बायको नंदाबाई भाकरी थापत सांगायची, 'झाकलंय. बराबर झाकलंय.' पहिल्या उत्तरानं घास खाली उतरायचा, पण दुसऱ्या घासापर्यंत ते उत्तर शिळं व्हायचं.

अशातच नवे मुन्सफ, म्हणजे न्यायाधीश, आले. पहिल्याच सोमवारी वीस दावे होते आणि दुपारपर्यंत पाचच निघाले. साहेबांनी कडूबाला बोलावलं.

'पुकारे किती द्यायचे असतात?'

'तीन, साहेब.'

'आणि तू किती देतोस?'

'तीनच जी. फकस्त... तीन-तीन येळा.'

'हे कोर्ट तू चालवतोस की मी?'

'तुम्ही, साहेब. मला तर माझे पाय बी चालवता येऊन न्हाई राह्यले.'

मागं बसलेल्या वकिलांत हशा पिकला. साहेब हसले नाहीत. शनिवारपर्यंत मुदत. तीन पुकारे देऊन आत यायचं. जमलं नाही तर पट्टा दुसऱ्याच्या खांद्यावर.

नरहर वकील मनानं चांगला माणूस. त्यानं कडूबाला ओसरीच्या कोपऱ्यात घेतलं. 'अरे, गैरहाजर राहिला म्हणून कुणी मरत नाही. कारण सांगून अर्ज करायचा, दावा पुन्हा उभा राहतो. आणि हे बघ, डाव्या खिशात तीन खडे ठेव. पुकाऱ्याला एक खडा उजव्या खिशात टाकायचा. बिलकुल चूक व्हायची नाही.'

मंगळवारी कडूबानं खडे ठेवले. दुपारपर्यंत पुकाऱ्याची शंका होती ती होतीच, वर खड्यांची आली. खडा टाकला का नुसता चाचपला? बुधवारी त्यानं तिन्ही खडे विहिरीत फेकले, आणि ते खरंच पडले का हे बघायला दोनदा वाकला.

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं विचारलं, 'रांजण झाकलाय ना?'

नंदाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. 'मला ठाव न्हाई.'

'म्हंजे?'

'म्हंजे ठाव न्हाई. पंधरा वर्सं सांगून राह्यले. म्या सांगावं अन् तुमची भूक वाढावी. आता हाटेल बंद.'

कडूबा चिडला. पाटावरून अर्धा उठला. नंदाबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाली, 'जायचं तर जावा. तुमचे पाय हायेत.' तो बसला. नीट जेवण काही झालं नाही. पिठलं कसं होतं हेही त्याला कळलं नाही. पण रांजणाकडं न बघता तो ताटावरून उठला, आणि असं लग्नापासून पहिल्यांदाच घडलं.

शनिवार आला. अकराच्या सुमाराला कागद हातात पडला. बांधाचा दावा, दावा लावणारा रखमाजी.

'रखमाजी वल्द रामकिसन, हाजिर हो!'

एकदा झालं. दोनदा झालं. तिसरा पुकाराही पुरा झाला. कोणी आलं नाही. लिंबाचा अर्धा पार ओसरीवरून दिसत होता, अर्धा खोडाआड. तिथं धोतराचं टोक हललं की पान? रखमाजी तिथं झोपला असेल तर? कडूबाचा एक पाय पायरीवर गेलाही. त्यानं खांब धरला. आतून साहेबांचा आवाज आला, 'काय रे?'

खांब सोडून तो वळला. आत जाऊन म्हणाला, 'गैरहाजर, साहेब.'

साहेबांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, मग लिहिलं. 'ठीक. पुढचा.'

पुढचे पुकारे त्यानं कसे दिले ते त्याचं त्यालाच ठाऊक, पण प्रत्येक नावाला तीनच दिले. मग दुपारची सुट्टी झाली. आता त्याला अडवणारं कोणी नव्हतं. पारावर जावं, खोडापलीकडं बघावं, खुशाल सात फेऱ्या माराव्यात. कडूबा भाकरीचं फडकं घेऊन पायऱ्या उतरला, थोडा घुटमळला आणि विहिरीच्या कडेला लिंबाकडं पाठ करून बसला. पाठीला मुंग्या आल्या. त्यानं फडक्याची गाठ सोडली.

नरहर वकील तंबाखू मळत जवळ आला. 'कडूबा, रखमाजीचं सांगू का? मला आत्ताच कळलं.'

'नका सांगू, वकीलसाहेब.'

'का रे? जीव हलका होईल.'

'हलका व्हतो, पन उद्याला पुन्हा भरतो. मंग तुम्हाला उद्या बी सांगावं लागंल, परवा बी.' कडूबानं भाकरीचा तुकडा मोडला. 'बसा की. ठेचा हाय, घ्या जरा.'

नरहर वकील तंबाखू फेकून धोतर सावरत त्याच्या शेजारी बसला.